साडेतीनशेचा दांडा

"एक हात बादलीले, एक हात भितीले. मंग साबण का दातानं लावू? आंघोळ करून राह्यली का सर्कशीत काम करून राह्यली, काई समजत नाई बापा."

हे माझ्या सासूबाई मला म्हणाल्या नव्हत्या. त्या बादलीला सांगत होत्या. पण आमच्या न्हाणीच्या दाराची खालची फळी सडून गेलेली आणि माझं शिलाई मशीन त्या दारापासून चार हातांवर, त्यामुळे आर्णीतल्या आमच्या घरात कुणी स्वतःशी बोललं तरी ते जाहीर भाषण होतं. मी कुणाच्या तरी ब्लाउजची बाही लावत होते. पायडलवरचा पाय थांबला. सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, सत्त्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे गुडघे त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. तोंडावर त्या कधीच काही मागत नाहीत. जे मागायचं ते बादलीला, मांजरीला नाहीतर देवघरातल्या दिव्याला सांगतात, आणि आपल्याला ते ऐकू आलं नाही तर पुढचे आठ दिवस घरात भांडी जरा जोरात ठेवली जातात.

मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की न्हाणीच्या भिंतीला धरायला एक दांडा बसवायचा. यवतमाळच्या एका दवाखान्यात मी तसा पाहिला होता. स्टीलचा, हातभर लांब, दोन्ही टोकांना गोल चकत्या. बाजारात विचारलं. साडेतीनशे रुपये.

हा आकडा तुम्ही लक्षात ठेवा. माझ्या तो लक्षात राहिला नाही.

आमचे हे, घनश्याम, जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. दिवसभर कापसाच्या गाड्या तोलायच्या, आधी भरलेल्या, मग रिकाम्या. त्यामुळे त्यांचं बोलणंही तोलूनच. दांड्याचं ऐकून ते म्हणाले, "हं." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यांच्या 'हं'चे नऊ प्रकार मला ओळखू येतात. हा होकाराचा होता.

शेजारचे फुलचंदभाऊ मात्र तोलत नाहीत. ते लाइट ऑफिसातून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी आमचा पेपर वाचायला येतात आणि पेपर संपला की आमचं घर वाचतात. ते म्हणाले, "वहिनी, दांडा लावा, माह्यी ना नाई. पण भित पहा आधी. मानसाचं वजन झेलणारी भित अलग असते."

मी म्हटलं, "भाऊ, सासूबाईंचं वजन बेचाळीस किलो आहे."

"मी भितीचं बोलून राह्यलो," ते म्हणाले आणि पेपर घडी न करता ठेवून गेले.

देवराव मिस्त्री आला. त्याची बायको शकुबाई आमच्या बचत गटात आहे, म्हणून घरचाच माणूस. त्याने डॉक्टर पाठ ठोकून पाहतो तशी भिंत तीन ठिकाणी ठोकली, कान लावला आणि ड्रिल सुरू केलं. भिंतीने उसासा टाकला. आधी पोपडा पडला, पोपड्यामागून चुना, चुन्यामागून अर्धी वीट, आणि विटेच्या जागी उजेडाची एक तिरीप आत आली. त्या तिरिपेच्या पलीकडे बोळ आहे. बोळात फुलचंदभाऊंचा एक डोळा होता.

"वहिनी," डोळा म्हणाला, "मी म्हनलो होतो ना."

आता इथेच कार्डाची गोष्ट सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल की या बाईकडे एवढे पैसे आले कुठून.

मार्च महिन्यात बँकेचा एक मेळावा आर्णीला झाला होता. तिथे मोनाली नावाची, प्रेरणाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची एक पोरगी टेबल मांडून बसलेली. ती मूळची आपल्याच जिल्ह्यातल्या ढाणकीची निघाली. माझ्या शिलाई दुकानाचं खातं त्याच बँकेत. तिने कम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुमचा व्यवहार इतका स्वच्छ आहे, तुम्हाला क्रेडिट कार्ड मिळू शकतं." व्यवहार स्वच्छ आहे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरात फक्त फरशीला म्हणतात. मी सही केली. मोबाइल नंबर ह्यांचा दिला, कारण माझा फोन तेव्हा उघडून पडायचा आणि बॅटरी पलंगाखाली जायची.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत कार्ड, आणि कार्डावर माझं नाव, लीला, उठावाच्या अक्षरात. मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं शिक्षण शेवेच्या पुड्यांच्या कागदावर आणि वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांवर झालं. माझं नाव आजवर एवढ्या गुळगुळीत जागी कधी आलं नव्हतं. मी त्यावरून बोट फिरवलं, आणि ते बॉबिनच्या खणात ठेवून दिलं. वापरायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. ते चालतं कसं, हे बघायची मात्र फार इच्छा होती. माणसाचं ठरवणं आणि बघण्याची इच्छा एका खणात ठेवू नये.

तर भिंत पडली, म्हणून भिंत बांधली. नवी भिंत बांधली तर तिला टाइल लावायची, कारण "न्हाणीतली भित ओली राह्यली त पाच वर्षांत परत मले बोलावसान," असं देवराव म्हणाला. टाइल लावायची तर आतला लोखंडी पाइप आधी बदलावा लागणार. पाइप बदलायला फरशी फोडावी लागणार. फरशी फोडलीच आहे तर कमोड बसवून टाका, असं फुलचंदभाऊ म्हणाले, "आजींच्या गुडघ्याचं पहा ना, दांडा धरून काय होते?" हे मला पटलं. या साऱ्या प्रकरणात मला प्रत्येक गोष्ट एकेकटी अगदी पटत होती, हीच अडचण.

देवसिंगच्या दुकानात टाइलचं बिल अकरा हजारांवर गेलं. मी रोख आणायला घरी निघाले होते. तेवढ्यात काउंटरवरचं ते लहान मशीन दिसलं. माझी उत्सुकता मला नडली. मी विचारलं, "यावर कार्ड चालतं?"

देवसिंग उभा राहिला. वीस वर्षांपासून तो मला 'बाई' म्हणतो. त्या दिवशी म्हणाला, "चालते ना मॅडम. टेकवा. वरून चार आकडे दाबा."

मी टेकवलं. पी असा आवाज आला, चिमणीच्या पिल्लासारखा. कागद बाहेर आला. बस्स. ना नोटा मोजल्या, ना थुंकी लावली, ना पिशवीच्या तळाशी सुट्टे शोधले. मला वाटलं, पैसे गेलेच नाहीत, फक्त चौकशी झाली. चौकशीला काय हरकत आहे? म्हणून मी कमोडची चौकशी केली, नळांची केली, छतावरच्या टाकीचीही केली, कारण न्हाणीतल्या नळाला धार नाही हे त्याच आठवड्यात लक्षात आलं.

पहिल्यांदा उतार पाहण्यासाठी देवरावने नव्या फरशीवर बादली ओतली. पाणी क्षणभर थांबलं, विचार केला, आणि दाराखालून सरळ माझ्या मशीनकडे निघालं. एका नवरीचा शालू मी मांडीवर उचलून घेतला म्हणून वाचला. देवराव उकिडव्यानेच पाण्यामागे दारापर्यंत गेला. म्हणाला, "ताई, उतार एकदम बरोबर हाये. दिशा चुकली."

फरशी परत फोडली. परत केली तेव्हा ती दोन बोटं उंच झाली आणि दार उघडेना. दार खालून कापलं. तेव्हा कळलं की सडलेल्या फळीवरच दार उभं होतं. नवं दार आणलं. फुलचंदभाऊंनी कमोडचं तोंड दक्षिणेला आहे असं पेपर वाचता वाचता सांगितलं आणि सासूबाईंनी मांजरीला विचारलं, "दक्षिनेकडं तोंड करून मी काय यमाशी बोलत बसू?" कमोड फिरवला. सहाशे रुपये फक्त फिरवण्याचे. त्यावर बसवल्यावर सासूबाईंचं तोंड बरोबर फुलचंदभाऊंच्या घराकडे आलं, पण त्याला कुणी दिशा म्हणत नाही.

एप्रिल संपला तेव्हा कार्डावर चौऱ्याहत्तर हजार सहाशे झाले होते. दांडा अजून पिशवीत होता. मी देवरावला म्हटलं, "आता एवढा लावून द्या."

देवरावने टाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जसं काही मी त्याच्या लेकराला चिमटा काढायला सांगत होते. "ताई, नव्या टाइलले छेद पाडला त तडकते. आधी सांगाले पाह्यजे होतं."

मी दांडा परत पिशवीत ठेवला. अशी वाक्यं देवराव फार सहज बोलतो.

मे महिन्यात आर्णीत जे ऊन पडतं त्यात घरातली सगळ्यात थंड जागा आमची नवी न्हाणी ठरली. सासूबाई दुपारी कमोडचं झाकण लावून त्यावर बसायच्या, भिंतीला पाठ टेकवायच्या आणि तुरीची डाळ निवडायच्या. एकदा शकुबाई ब्लाउज घ्यायला आली तर त्यांनी तिलाही आत बोलावलं आणि उलट्या बादलीवर बसवलं. पाहुण्याला बसवण्याजोगी खोली घरात एकच होती, ती ही. आंघोळ मात्र पहिल्यासारखीच. एक हात बादलीला, एक हात भिंतीला. फक्त भिंत आता गुळगुळीत होती, आणि हात घसरत होता.

आता गटाचं सांगायला हवं, कारण चूक तिथून आली.

आमचा बचत गट बारा वर्षांचा आहे. बारा बायका, अध्यक्ष तानाबाई, आणि सचिव मी. तानाबाई भाजी विकते. तिला वाचता येत नाही, पण कोणी कधी किती दिले ते तिला तारखेसकट पाठ असतं. दर महिन्याच्या दहा तारखेला अंगणवाडीत बैठक होते. कर्ज घेतलं तर महिन्याला रुपया शेकडा व्याज, साठ हजारांच्या वर कुणाला द्यायचं नाही, आणि जो हप्ता वहीत लिहून दिला तो भरत राहायचा. हप्ते भरले की कर्ज फिटतं. यात समजण्यासारखं काही नाही. आणि एक नियम मी स्वतः घातला होता: ज्या बाईला कर्ज पाहिजे तिने उभं राहायचं, कारण सांगायचं, आणि शब्द स्पष्ट उच्चारायचा. पाच वर्षांपूर्वी शकुबाई उभी राहून "थोडे हातउसने" म्हणाली होती, तर मी तिला थांबवलं. "शकुबाई, कर्ज म्हणा. लाजायचं कशाला?" ती तीनदा अडखळली. मी तीनदा तिला म्हणायला लावलं. मला तेव्हा वाटलं, मी तिला धीट करते आहे.

वहीत प्रत्येकीच्या नावाचं एक पान आहे. कुणी कधी किती उचलले ते त्यावर असतं. माझं पान कोरं. नवीन बाई गटात आली की मी तिला वही दाखवायची, आणि वही नेमकी माझ्या पानाशी उघडायची. ती सवय झाली होती वहीला.

तर मे महिन्यात कार्डाचं बिल टपालाने आलं. वरती मोठा आकडा होता आणि त्याच्याखाली दुसरा लहान: किमान देय रक्कम, तीन हजार सातशे तीस. मला फार बरं वाटलं. बँकेने हप्ता पाडून दिला होता! आमच्या गटासारखाच. मी वहीमागे हिशेब केला, चौऱ्याहत्तर हजार सहाशे भागिले तीन हजार सातशे तीस, बरोबर वीस. एक पैसा इकडे नाही, तिकडे नाही. वीस महिन्यांत मोकळं. मी बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन हप्ता भरला, त्याचे दहा रुपये वेगळे, आणि पावती बॉबिनच्या खणात ठेवली.

जूनमध्ये हप्ता तीन हजार सहाशे नव्वद आला. चाळीस रुपये कमी! मी विचार केला, वेळेवर भरतो म्हणून बँक सूट देत असेल. जुलैमध्ये आणखी चाळीस उतरले. मोनालीने उगाच नव्हतं म्हटलं, व्यवहार स्वच्छ. ही गोष्ट मी दोन गिऱ्हाइकांना सांगितली. फुलचंदभाऊंनाही सांगितली. ते म्हणाले, "ही सुविधा चांगली हाये वहिनी," आणि पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा होता हे मला नंतर आठवलं.

ऑगस्टमध्ये चौथा हप्ता भरला, महिनाअखेर पाचवं बिल आलं, आणि त्याच्याकडे जरा निवांत बसून पाहावं वाटलं. सुईत दोरा ओवायला माझ्याकडे एक भिंग आहे. ते घेतलं आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायला लागले. मला वाचायला मिळालं की मी सोडत नाही. शेवेच्या कागदावर कितीतरी गोष्टी अर्ध्या वाचल्या आहेत, ही एक पूर्ण वाचली. मग पाचही बिलं मशीनवर ओळीने मांडली.

चार महिन्यांत मी भरले चौदा हजार सहाशे एक्क्याऐंशी. वरचा मोठा आकडा कमी झाला तीन हजार एकशे एकसष्टने.

मी परत बेरीज केली. मग वजाबाकी केली. मग चहा केला. अकरा हजार पाचशे वीस रुपये कुठे गेले? ते व्याजात गेले होते आणि व्याजावरच्या करात. साडेतीन रुपये शेकडा, महिन्याला, आणि कर वेगळा. म्हणजे मी बारा वर्षं बायकांना बसवून समजावून सांगत होते की दोन रुपये शेकड्याने सावकाराकडून घेऊ नका, गटात रुपयाने मिळतं, आणि तोच हिशेब शिकवणारी बाई दर महिन्याला बसस्टँडवर उन्हात रांग लावून साडेतीन रुपयाने... आणि हप्ता चाळीस रुपयांनी उतरत होता तो खुशीने नाही, तो उरलेल्या रकमेचा पाच टक्के होता.

राग यायला हवा होता. खरं सांगते, आधी मला नवलच वाटलं. किती सफाईने केलं होतं! सगळं लिहून दिलं होतं, फक्त भिंगाच्या मापाचं. शिवणकामात आम्हीही जोड आतून घेतो, दिसू नये म्हणून.

बँकेच्या नंबरावर फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा. एका बाईने हिंदीत सांगितलं की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी लावली. सतरा मिनिटं बासरी ऐकली. अठराव्या मिनिटाला बॅटरी पलंगाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी यवतमाळची बस धरली. मोनाली ओळखीचं हसली. "काकू, बिल निघायच्या आधी सांगितलं असतं तर सरळ हप्ते करून दिले असते. आताही होतात. दीड टक्क्यानं. फक्त फी लागेल आणि मोबाइलवर ओटीपी येईल."

"म्हणजे हे जे आहे," मी म्हटलं, "हे म्हणजे..." आणि मला शब्द सापडेना.

"आउटस्टँडिंग," मोनाली प्रेमाने म्हणाली. "आम्ही आउटस्टँडिंग म्हणतो काकू."

केवढा आधार वाटला. इतका लांब आणि परका शब्द माझा असणंच शक्य नव्हतं.

ओटीपी ह्यांच्या फोनवर गेला. ह्यांचा फोन काट्यावर टेबलाच्या खणात, आणि हे बाहेर गाडीचं वजन घेत. मी मोनालीच्या फोनवरून सात वेळा लावला. आठव्या वेळी उचलला तोवर ओटीपी मेला होता. दुसरा आला, तो ह्यांनी चष्म्याशिवाय वाचला. तिसरा बरोबर वाचला, पण शांतपणे, एकेक आकडा तोलून, आणि वेळ संपली. यंत्राने चोवीस तासांसाठी आम्हाला बंद केलं. मोनाली ओशाळली. मी म्हटलं, "असू दे बाई, ते काट्यावर आहेत, घाई करणं त्यांच्या नोकरीत बसत नाही."

बस यवतमाळच्या बाहेर पडली असेल, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो. म्हणजे बिलाचे मेसेजही त्यांच्याच फोनवर येतात. एप्रिलपासून. टाइलची प्रत्येक 'चौकशी', प्रत्येक पी, आकड्यासकट, त्यांच्या खिशात वाजत होती.

इतके महिने! आणि इतक्या महिन्यांत ते मला काय म्हणाले? एकदा जेवताना, "ते तुझं कार्डाचं नीट चालू हाये ना?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "हं." तो 'हं' मला ओळखता आला नव्हता. नऊ प्रकारांत तो नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी वरण, भाकर, वांगं खाल्लं आणि पावसाबद्दल, सोयाबीनबद्दल, प्रेरणाच्या पुण्यातल्या खोलीबद्दल इतकं बोललो की सासूबाईंनी मांजरीला विचारलं, "आज या दोघायले झालं तरी काय?"

सकाळी दोरा बदलायला बॉबिनचा खण उघडला तर पावत्यांवर जिनिंगचं एक खाकी पाकीट. आत नोटा आणि वर तीन नाणी. मी मोजले. अकरा हजार चारशे एकोणचाळीस.

मी मोठ्या आकड्याकडे पाहिलं. एकाहत्तर हजार चारशे एकोणचाळीस. वजा केले. उरले साठ हजार.

साठ हजार. गटात एका बाईला जास्तीत जास्त मिळतात तेवढे. जिनिंगमधून दिवाळीची उचल आधीच मागून घेतली होती माणसाने, आणि पाकिटावर एक अक्षर नाही. पुढचं माझ्यावर सोडलं होतं. काट्याच्या एका पारड्यात त्यांनी आपलं ठेवलं आणि दुसरं रिकामं ठेवून कामावर निघून गेले.

म्हणजे आता मला उभं राहावं लागणार होतं.

दहा सप्टेंबरपर्यंत मी पंधरा प्रकारे उभी राहिले. आरशासमोर, मशीनसमोर, न्हाणीत. न्हाणीत आवाज चांगला घुमतो, पण तिथेही त्या शब्दाशी आले की मी नळ सोडायची. माझं कोरं पान मी एकदा उघडून बघितलं. कागद पिवळा पडला होता. बारा वर्षं जपलेली ती एकच वस्तू होती, जिच्यावर माझं नाव होतं आणि खाली काहीच नव्हतं.

अंगणवाडीत मोठ्यांना बसायला सतरंजी, आणि खुर्च्या आहेत त्या पोरांच्या, वीतभर उंचीच्या, लाल-निळ्या. सासूबाईही गटात आहेत, सगळ्यात जुन्या. खाली बसता येत नाही म्हणून त्या एका निळ्या खुर्चीवर बसतात आणि राजाच्या मांडीवर बसल्यासारखा चेहरा करतात. त्या दिवशी बाराही बायका वेळेवर आल्या होत्या. हे आमच्या इतिहासात प्रथमच. शकुबाईच्या शेजारी कुणी कुजबुजत नव्हतं. देवराव मिस्त्री शकुबाईचा नवरा, आणि फुलचंदभाऊंची बायको पलीकडे बसलेली. कुणाला काय माहीत आहे हे मी विचारायची गरज नव्हती.

जमा झाली. सह्या झाल्या. तानाबाई म्हणाली, "कोनाले कर्ज पाह्यजे? उभं राहून सांगा."

एरवी ती एकदा विचारते आणि "बरं, चहा घ्या" म्हणते. तिने परत विचारलं. "कोनाले पाह्यजे असन त सांगा बाप्पा. पैसा पडून हाये." मग तिसऱ्यांदा, भिंतीवरच्या 'अ अननसाचा' कडे बघत.

मी उभी राहिले. पेन हातातच राहिलं.

"मला," मी म्हटलं, "म्हणजे आमच्याकडे, थोडी रक्कम फिरवायची आहे."

तानाबाईने मान हलवली. "काय करायची हाये?"

"एक ॲडजस्टमेंट. बँकेचं थोडं आउटस्टँडिंग आहे. त्याला जरा उचल..."

अकरा बायका अकरा ठिकाणी पाहत होत्या. एक पंख्याकडे, एक दाराकडे. शकुबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. ती मला म्हणू शकली असती. पाच वर्षं तिच्याकडे ते वाक्य तयार होतं, माझंच, जसंच्या तसं. ती एका शब्दानेही काही म्हणाली नाही. तिने पदर तेवढा सरळ केला. आणि त्याने माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

"हातउसने," मी म्हटलं. मी! "थोडे हातउसने."

तेवढ्यात मागून एक आवाज आला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. तो आवाज मी रोज पहाटे ऐकते. ते गुडघे होते. मी वळले तर सासूबाई निळ्या खुर्चीवरून उठत होत्या, एक हात तानाबाईच्या खांद्यावर, एक हात शकुबाईच्या डोक्यावर. दोघी हलल्या नाहीत. दोघींनी दांड्यासारखी अंगं ताठ धरली.

सासूबाई पूर्ण उभ्या राहिल्या. मग आयुष्यात पहिल्यांदा बादलीला नाही, मांजरीला नाही, सरळ माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या,

"कर्ज म्हन, लीले. आपल्या घरावर कर्ज झालं. माह्या न्हानीपायी झालं, माह्यासाठी झालं, आन मले ते पह्यल्या दिवसापासून मालूम हाये. साठ हजार पाह्यजे, असं लिव. आन तो दांडा अजूक लागला नाई, त्याचे साडेतीनशे माह्या नावावर वेगळे लिव."